संगणक शाप की वरदान? आधी तो चालू तर करू!



‘संगणक : शाप की वरदान’ हा निबंध आपण मुलांकडून किती वेळा लिहून घेतला असेल, त्याची गणतीच नाही. मीही घेतलाय. संगणक ही काळाची गरज आहे, संगणकाने जग जवळ आले आहे, वगैरे वगैरे. गंमत अशी की ज्या वर्गात बसून मुलं हे लिहितात, त्याच वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर जुन्या चादरीखाली शाळेचा संगणक झाकलेला असतो. वर स्नेहसंमेलनाच्या पताकांची पिशवी. कधीपासून बंद आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, “विंडोज उडालीय सर.”

आज मला याच ‘उडालेल्या विंडोज’बद्दल बोलायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणं हे काम प्रत्येक शाळेतल्या निदान एका शिक्षकाला यायलाच हवं, आणि ते त्याने मुलांसमोर करावं. पालकांनी घरी, मुलांना शेजारी बसवून. हे म्हणायचा मला फार अधिकार आहे असं नाही. उलट माझ्या हातून जे झालं ते वाचल्यावर तुम्ही म्हणाल, हा माणूस कोणत्या तोंडाने सांगतोय!

२०१० साली मी शिक्षण सेवक म्हणून लागलो. शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. शाळेत एक संगणक होता, विंडोज एक्सपी असलेला, एक जीबी रॅमचा. २०१२ च्या उन्हाळ्यात तो इतका मंद झाला की चालू करून पट मांडावा, हजेरी घ्यावी, प्रार्थना म्हणावी, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसे. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलं, “आणून टाका, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, तीनशे रुपये.” मी विचारलं, ओरिजिनल का? तो हसला. बाकीचे गिऱ्हाईकही हसले.

ते हसणं मला लागलं. आपण परीक्षेआधी मुलांना कॉपी न करण्याची शपथ देतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणावर गोष्ट सांगतो. आणि शाळेच्या संगणकात चोरीची विंडोज! हे कुणा एकाचं पाप नाही, अख्ख्या गावोगावचं आहे, पण म्हणून ते कमी होत नाही. विकतची विंडोज घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते. मग कुणीतरी उबुंटूचं नाव सांगितलं. फुकट, आणि फुकट असूनही कायदेशीर. पूर्वी तर ही मंडळी मागेल त्याला घरपोच सीडी पाठवत, तेही विनामूल्य. २०११ साली ते बंद झालं, म्हणजे मी एक वर्ष उशिरा पोचलो!

तालुक्याच्या नेट कॅफेत बसून मी उबुंटू १२.०४ ची फाइल उतरवली. साधारण सातशे एमबी, म्हणजे बरोबर एका सीडीत मावेल एवढी. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘आयएसओ’. घरी येऊन कोरी सीडी घातली, फाइल ओढून सीडीवर टाकली, राइट केली. दुसऱ्या दिवशी शाळेत सीडी ड्राइव्हमध्ये टाकून संगणक चालू केला. ड्राइव्ह थोडा घुरघुरला आणि पुन्हा तीच जुनी एक्सपी. तीनदा केलं. तीनदा तेच.

हे आजही अनेक जण करतात, म्हणून इथे जरा थांबतो. आयएसओ फाइल म्हणजे साधी फाइल नाही, ती एका आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा असते. म्हणूनच तिला इमेज म्हणतात. गोधडी घडी घालून पेटीत ठेवली तर झोपता येत नाही, ती अंथरावी लागते. मी घडी केलेली गोधडी नुसती एका पेटीतून दुसऱ्या पेटीत ठेवली होती. इमेज ‘बर्न’ करायची म्हणजे ती डिस्कवर अंथरायची, जिथला धागा तिथेच. बर्न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘बर्न इमेज’ असा वेगळा पर्याय असतो. विंडोज ७ पासून तर आयएसओ फाइलवर राइट क्लिक केलं की तो समोरच दिसतो.

जागेवरच का अंथरायची? संगणक चालू होतो तेव्हा त्याला काहीच येत नसतं. बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम एवढंच बघतो की कोणत्या डिस्कवरून सुरुवात करता येईल, आणि त्यासाठी तो ठराविक जागीच डोकावतो. जुन्या पद्धतीत हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत, आणि सीडी असेल तर तिच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये. हे मुलांना सांगताना मी फळ्याचा कोपरा दाखवतो. साहेब वर्गात आले की आधी कुठे बघतात? फळ्याच्या कोपऱ्यात. वार, दिनांक, पट, हजर. ते तिथे नसेल तर बाकी फळा कितीही सुंदर लिहिलेला असो, साहेबांची भुवई वर! तसंच आहे हे. माझ्या सीडीवर सगळा माल होता, फक्त कोपरा कोरा होता.

(सीडीवरून बूट करण्याचा हा नियम १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ठरवला. त्याचं नाव ‘एल टोरिटो’. तिथल्या एका हॉटेलचं नाव आहे म्हणे. आणि ‘बूट’ म्हणजे पायातलाच बूट. बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी मूळ कल्पना. प्रोग्रॅम आणायला प्रोग्रॅम लागतो, तर पहिला कोण आणणार, हा तो पेच.)

तर दुसरी सीडी मी नीट बर्न केली, कमी वेगावर. संगणक चालू होताना डिलीट की दाबून सीडीला पहिला नंबर दिला, आणि उबुंटू उघडलं! सीडीवरूनच, हार्ड डिस्कला हातही न लावता. मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्या टाळ्यांच्या भरात मी इन्स्टॉलवर क्लिक केलं. पर्याय आले. त्यातला एक होता, डिस्क पुसून उबुंटू बसवा. मला वाटलं, जुनी विंडोज पुसली जाईल, तेच तर हवंय. मी तो निवडला.

त्या डिस्कवर आमच्या मुख्याध्यापक गुरुजींच्या ओव्या होत्या.

गुरुजी २००७ पासून गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. चौथीच्या मुली आपल्या आज्यांकडून लिहून आणत, गुरुजी त्या एका बोटाने टाइप करत. शंभरावर पानं झाली होती. मला माहीत होतं ते. फोल्डर रोज समोर दिसायचं. पण ‘डिस्क’ म्हणजे ते फोल्डरही, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. आलं तेव्हा निळी पट्टी अर्ध्यावर गेली होती. तिथेही मी दुसरी चूक केली. मशीन तिथल्या तिथे बंद करायला हवं होतं. पुसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर फोटोरेकसारख्या साधनाने बरंच परत मिळू शकतं. मी मात्र इन्स्टॉल पूर्ण होऊ दिलं, वर अपडेटही टाकले.

गुरुजींना सांगायला मला दुपारची सुट्टी होईपर्यंत धीर झाला नाही. सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, “चालू तरी झाला ना?” त्यांच्या कपाटात पूर्वी कधी काढलेल्या तीसेक पानांच्या प्रिंट सापडल्या. बाकीचं गेलं. ज्यांच्याकडून ओव्या घेतल्या होत्या त्यांतल्या दोन आज्या तोवर वारल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, एवढं होऊनही आम्हाला म्हणता की स्वतः करा?

होय. कारण दुकानदारानेही तेच केलं असतं. ‘फॉरमॅट मारून देतो’ या वाक्याचा अर्थच तो आहे. त्याला ओव्यांचं फोल्डर माहीत नव्हतं, मला माहीत होतं. त्या मशीनमध्ये काय आहे हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच हातात हे काम सर्वांत सुरक्षित राहू शकतं, फक्त त्याला पायऱ्या नीट माहीत हव्यात. मला त्या नव्हत्या. आपण सगळ्यांनी पदोन्नती, वेतनवाढ यांसाठी संगणकाचे कोर्स केले, सर्टिफिकेटं सेवापुस्तकात चिकटवली. पत्र कसं टाइप करायचं ते आलं. आपला संगणक कशावरून सुरू होतो, हे मला तरी सीडी वाया घालवूनच कळलं.

दुसरा आक्षेप मला रोज ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. “आधीच अशैक्षणिक कामं थोडी आहेत का? सर्वेक्षणं आपण करायची, ऑनलाइन माहिती आपण भरायची, शिजवलेल्या भाताचा हिशेब आपण ठेवायचा, आता संगणक दुरुस्तीही?” अगदी मान्य. हे काम करणारा एक माणूस प्रत्येक केंद्राला मिळायला हवा, ही मागणी मी कुठल्याही सभेत करायला तयार आहे. पण तो माणूस येईपर्यंत चौथीतलं पोर सातवीत जातं. शिवाय एक फरक बघा. माहिती भरणं मुलांपासून लांब, ऑफिसात बसून होतं. हे काम वर्गात होतं, मुलांसमोर होतं, म्हणून मी त्याला अशैक्षणिक म्हणायला तयार नाही.

केरळचं उदाहरण आपल्याकडे भाषणात देतात, पण तिथे नेमकं काय झालं ते सांगत नाहीत. तिथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, २०१७ साली त्याची ‘काइट’ नावाची सरकारी कंपनी झाली. सरकारी शाळांचे संगणक तिथे मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे लिनक्सवर चालतात, आणि शिक्षकांना शिकवणारे प्रशिक्षकही शिक्षकांतूनच घेतलेले. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स काढली. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिलीय?

बदली होऊन मी आता ज्या शाळेत आहे तिथे तीन संगणक होते. चार जीबी रॅम, विंडोज ७. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणं जानेवारी २०२० मध्येच बंद झालं. विंडोज १० चंही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे येत्या काळात अशी झाकलेली मशीन वाढणारच. आधी मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवला, जडसंग्रह नोंदवहीत मशीनचे नंबर पडताळले. एखादं मशीन योजनेतून आलंय आणि वॉरंटीत आहे, तर त्याला हात लावू नका. नंतर चौकशीला तोंड तुम्हालाच द्यावं लागेल.

यावेळी सीडी नाही, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घेतली, एक्सएफसीई नावाची. इमेज जवळपास तीन जीबी, त्यामुळे सीडीत मावायचा प्रश्नच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन रात्री लावून उतरवली. पण अशी मोठी फाइल उतरताना मध्येच खराब होऊ शकते. ती नीट आलीय का हे तपासायला साइटवर एक लांबलचक खूण दिलेली असते, ६४ अक्षरांची. आपल्याकडच्या फाइलची खूण काढायची, दोन्ही जुळल्या की फाइल शंभर टक्के बरोबर. पेन ड्राइव्ह बूटेबल करण्यासाठी मी रुफस वापरतो, त्यातच ही खूण काढायचं बटण आहे. खूण जुळवायचं काम मी चौथीच्या दोन मुलींना दिलं. एक वहीतून वाचणार, दुसरी स्क्रीनवर बोट ठेवणार. “सेव्हन, बी, बी, झीरो, ई...” इंग्रजी अक्षरवाचनाचा इतका मन लावून केलेला सराव मी क्वचित पाहिलाय! मध्येच एकीने विचारलं, “सर, यात जी का येत नाही? एफच्या पुढे काहीच नाही.” मी खडू घेतला. हाताची बोटं दहा म्हणून आपण दहाने मोजतो, संगणक इथे सोळाने मोजतो, मग नऊच्या पुढे अंक कमी पडतात तर काय करायचं? पुढचा तास त्यातच गेला. माझ्या टाचणात तो नव्हता.

एक धोका इथेही आहे. इमेज टाकताना पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. तेव्हा निकालाचा किंवा लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह घेऊ नका. नवा घ्या, त्यावर चिठ्ठी चिकटवा.

मग बूट. संगणक चालू होताच कंपनीचं नाव दिसतं, त्या दोन-तीन सेकंदांतच कळ दाबायची असते. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. मुलांनी प्रत्येक मशीनची कळ शोधून मशीनच्या पाठीवर कागद चिकटवला. एका मशीनचं घड्याळ २००९ साल दाखवत होतं. नेट चालू, पण एकही वेबसाइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी ‘सुरक्षित नाही’. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. सीआर २०३२ असं त्यावर लिहिलेलं असतं, घड्याळवाल्याकडे मिळतो. वर्षानुवर्षं ‘बाद’ म्हणून ठेवलेलं मशीन एका सेलवर उठलं.

पेन ड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉल करू नका. हे मी हात जोडून सांगतो. सिस्टीम त्या वेळी रॅममधून चालत असते, जुन्या डिस्कला काही होत नाही. दोन दिवस तशीच वापरा. वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ उघडतात का, माहिती भरायच्या वेबसाइट चालतात का. जुनी विंडोज उघडत नसली तरी तिच्यातल्या फाइली इथून दिसतात. त्या दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. घेतल्यावर दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, नुसतं ‘कॉपी झालं’ यावर विश्वास ठेवू नका. आणि शाळेतल्या प्रत्येकाला विचारा, “तुमचं काही आहे का यात?” माझी २०१२ ची चूक या एका प्रश्नाने टळली असती.

सगळं सोपं झालं असंही नाही. लोकवर्गणीतून घेतलेला ई-लर्निंगचा संच फक्त विंडोजवर चालतो, म्हणून एक मशीन आम्ही विंडोजवरच ठेवलं, त्याला नेट जोडत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका लिनक्सवर उघडल्या की आधी नुसती चिन्हांची रांगोळी दिसली. फॉन्ट टाकल्यावर वाचता आल्या, पण आता आम्ही सगळं युनिकोडमध्येच टाइप करतो. मराठीचा कीबोर्ड मिंटमध्ये सेटिंगमधून जोडता येतो. शेजारच्या शाळेतले एक सहकारी म्हणाले, “मुलांना पुढे विंडोजच लागणार, हे कशाला?” मला ते पटत नाही. तिसरीतल्या मुलाला विंडोज किंवा लिनक्स शिकवायचं नसतंच. फाइल म्हणजे काय, ती कुठे राहते, पुसली म्हणजे काय होतं, हे शिकवायचं असतं. मोबाइलवर बोट फिरवणाऱ्या मुलांना हे अजिबात दिसत नाही.

पालकांना एक विनंती. घरातला जुना लॅपटॉप मंद झाला की थेट नव्याच्या हप्त्याकडे वळू नका. एक रविवार द्या. पेन ड्राइव्ह तयार करा, मुलाला कळ दाबू द्या, पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा. नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढून घ्या, लॅपटॉप होता तसाच राहील. मात्र ‘पुसून बसवा’ या पर्यायापाशी मोठ्या माणसानेच बसायचं.

त्या आठवड्यात मी निबंधाचा विषयही बदलला. ‘संगणक : शाप की वरदान’ऐवजी ‘आमच्या शाळेचा संगणक चालू झाला तो दिवस’. कोणत्याही निबंधमालेत तो नसल्याने कुणाला उतरवता आला नाही. एकाने लिहिलं होतं, “संगणक काळा झाला तेव्हा सर घाबरले, पण त्यांनी दाखवले नाही.” शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्याला पूर्ण गुण दिले.

गुरुजी आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडची ती तीस पानं मी मागून आणली आणि दिवाळीनंतर शाळेतल्या संगणकावर मुलींच्या मदतीने पुन्हा टाइप करायला घेतली. बावीस झालीत. प्रत्येक शनिवारी त्याच्या तीन प्रती होतात. एक मशीनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर बाईंच्या कपाटात, आणि एक छापून गुरुजींच्या घरी.